समुद्रकिनारी किरायाचे घर : बयाणा देण्यापूर्वी काय तपासावे?

लगीनसराई आटोपली, उधारीची वसुली बऱ्यापैकी झाली, की आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंना चार दिवस बाहेर पडण्याची सवड मिळते. पूर्वी आमच्या नाकाडोंगरी, गोबरवाही, तुमसर भागातील कुटुंबे फार तर नागपूरला ताजबागेत किंवा पचमढीला जाऊन येत. 1998 साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाल्यापासून विदर्भातील माणसाला समुद्र जवळचा झाला. आता डोंगरी बुजुर्गच्या खाणीत काम करणारा नोकरदार असो की तुमसरचा कापड दुकानदार, मुलाबाळांसह गोवा किंवा कोकण पाहून येण्याची इच्छा प्रत्येकाला असते. अशा वेळी हॉटेलच्या खोल्या घ्याव्यात की आठवड्यासाठी एखादे पूर्ण घर किरायाने घ्यावे, हा प्रश्न हमखास येतो. त्याचा विचार आम्ही येथे व्यापाऱ्याच्या नजरेने करणार आहोत.

कापडाच्या धंद्यात एक नियम सर्वांना ठाऊक आहे. नमुन्याचा तुकडा पाहून माल मागवला, तर ताका उघडून पोत, पन्हा आणि किनार तपासल्याशिवाय पैसे चुकते करायचे नाहीत. किरायाच्या घराची अडचण अशी, की येथे ताका उघडण्यापूर्वीच पैसे मोजावे लागतात. हाती असतात फक्त फोटो. आणि माल पसंत पडला नाही तर परत पाठवता येत नाही, कारण आठ माणसांचे कुटुंब सामानासह अंगणात उभे असते. म्हणून सगळी तपासणी बयाण्यापूर्वीच झाली पाहिजे.

आधी हिशेब मांडा

घर स्वस्त पडते असे सरसकट म्हणतात. ते प्रत्येक वेळी खरे नसते. समजा, आठ माणसे पाच रात्रींसाठी जात आहेत. हॉटेलच्या तीन खोल्या, प्रत्येकी दोन हजार रुपये रोज, म्हणजे 30,000 रुपये. त्यावर पाच टक्के जीएसटी 1,500. बाहेरचे जेवण माणशी रोज 500 धरले तर 20,000. एकूण 51,500 रुपये. आता घर पाहू. रोजचे चार हजार, म्हणजे 20,000. साफसफाईचे वेगळे 1,500. घरी रांधून माणशी रोज 250, म्हणजे 10,000. घर आडबाजूला असल्याने रोजचा वाहनखर्च 800, म्हणजे 4,000. एकूण 35,500 रुपये. सोळा हजारांची बचत झाली.

पण हाच हिशेब नवराबायको दोघांसाठी मांडा. हॉटेलची एक खोली, कर आणि जेवण मिळून 15,500 रुपये होतात. तेच घर दोघांसाठी घेतले तर 28,000. म्हणजे घराचा फायदा मोठ्या कुटुंबाला आहे, लहानाला नाही. आमचे आकडे उदाहरणादाखल आहेत. आपापले दर घालून प्रत्येकाने हा कागद लिहून काढावा. त्यात स्वयंपाकाचे कष्ट कोणाच्या वाट्याला येणार, हेही लिहावे. घरातील बायकांनी सुट्टीतही दोन वेळचा चुलीचा कारभार पाहायचा असेल तर ती सुट्टी त्यांची झाली नाही. पुष्कळ ठिकाणी गावातील बाई स्वयंपाकाला मिळते. तिची मजुरी आधी विचारून हिशेबात धरावी.

जागा कोणती?

"समुद्राजवळ" या शब्दाला काही माप नाही. मालकाला नेमके विचारावे, की घरातून पायी निघून वाळूवर पाय ठेवायला किती मिनिटे लागतात, आणि वाटेत चढ आहे का. "समुद्र दिसतो" म्हणजे समुद्र जवळ आहे असे नव्हे. कोकणात डोंगराच्या कड्यावरून समुद्र दिसतो, पण खाली उतरायला वाहन लागते.

बेटावरच्या घराची तर गोष्टच वेगळी. गोव्यात मांडवी नदीच्या पात्रात दिवाडी आणि चोडण ही बेटे आहेत. दिवाडीला जुन्या गोव्याहून फेरीबोटीने जातात, चोडणला रायबंदरहून. शेते, जुनी कौलारू घरे, शांतता, असे सुंदर ठिकाण. चोडणवर सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. परंतु ही नदीतील बेटे आहेत. समुद्रस्नानाच्या अपेक्षेने तेथे घर घेणाऱ्याला रोज बोट ओलांडून दूरच्या किनाऱ्यावर जावे लागेल. शिवाय रात्रीची शेवटची फेरी किती वाजता, गाडी बोटीवर नेता येते का, आणि मध्यरात्री कोणी आजारी पडले तर पलीकडे कसे जायचे, हे विचारल्याशिवाय बेटावरचे घर घेऊ नये. सोबत म्हातारी माणसे किंवा तान्ही मुले असतील तर हा प्रश्न पहिला.

मोसम पाहून दर

विदर्भातील शाळा उन्हाळ्यानंतर राज्याच्या इतर भागापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्यामुळे जूनमध्ये जाण्याचा मोह होतो आणि त्या वेळी किनाऱ्यावरचे दरही उतरलेले असतात. पण कोकण-गोव्यात जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस येतो. समुद्र खवळतो, पाण्यात उतरणे धोक्याचे होते आणि 1 जूनपासून मासेमारी बंदी लागू होते. म्हणजे दर निम्मा, पण समुद्रही नाही आणि ताजी सुरमईही नाही. ज्यांना केवळ पाऊस आणि हिरवळ पाहायची आहे त्यांनी जरूर जावे. बाकीच्यांनी नाताळ-नववर्षाची गर्दी टाळून जानेवारीअखेर ते मार्च हा काळ धरावा. मे महिन्यात जाणार असाल तर विहिरीला पाणी आहे का, टँकर मागवावा लागतो का, आणि लागला तर त्याचे पैसे कोणी द्यायचे, हे ठरवून घ्या.

घराची तपासणी

आता ताका उघडण्याची वेळ. फोटोवर भागवू नका. मालकाला व्हिडिओ कॉल करायला सांगा आणि रस्त्यापासून फाटक, अंगण, खोल्या, संडास, स्वयंपाकघर असे सलग चालत दाखवायला लावा. खरा मालक दहा मिनिटे देतो. जो टाळतो त्याच्यापासून आपण दूर राहावे. विचारण्याच्या गोष्टी अशा :

झोपण्याच्या खोल्या किती आणि त्यांना दारे आहेत का? "आठ माणसांची सोय" याचा अर्थ पुष्कळदा दोन खोल्या आणि दिवाणखान्यात गाद्या असा निघतो. दोन जोडपी आणि म्हातारे आईवडील असतील तर हे आधी कळले पाहिजे.

संडास-न्हाणीघर किती, आणि कमोड आहे का? गुडघे दुखणाऱ्या माणसाला याने फार फरक पडतो. तळमजल्यावर एक तरी खोली असावी.

स्वयंपाकघरात काय आहे? शेगडी, भरलेला सिलिंडर, मोठे पातेले, पिण्याचे पाणी, फ्रीज. "स्वयंपाकघर आहे" एवढे ऐकून थांबू नये. काही ठिकाणी फक्त चहापुरती परवानगी असते.

मांसाहार चालतो का? हा प्रश्न संकोच न करता विचारावा. काही मालकांना घरात मटण-मच्छी शिजवलेली चालत नाही. तो त्यांचा अधिकार आहे. तेथे जाऊन वाद घालण्यापेक्षा दुसरे घर पाहिलेले बरे.

अंगण कोणाचे? मालक किंवा दुसरे पाहुणे त्याच आवारात राहतात का? घरातील स्त्रियांना मोकळेपणाने वावरता यावे असे वाटत असेल तर हा मुद्दा महत्त्वाचा. आवारात विहीर किंवा पोहण्याचा हौद असेल तर त्याला कठडा आहे का, हेही पाहावे. मुले सोबत आहेत.

पैसे देण्याची रीत

खरी फसवणूक येथे होते. गोवा, अलिबाग, लोणावळा या भागांतील बंगल्यांचे चोरलेले फोटो दाखवून, बयाणा घेऊन गायब होणारे लोक आहेत. दर बाजारभावाच्या निम्मा आणि "आजच पैसे पाठवा, दुसरे गिऱ्हाईक तयार आहे" अशी घाई दिसली, की सावध व्हावे. घाई करणारा विकणारा आपण बाजारातही ओळखतो.

यूपीआयने पैसे पाठवताना खातेदाराचे नाव आधी दिसते. ते नाव आणि मालकाने सांगितलेले नाव जुळले पाहिजे. गोव्यात 1982 च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याप्रमाणे पर्यटकांना घर देणाऱ्याने पर्यटन खात्याकडे नोंद करावी लागते. तो नोंदणी क्रमांक मागावा. महाराष्ट्रातही निवास-न्याहारी योजनेखाली घरांची नोंदणी होते. नोंदणी असली म्हणजे घर उत्तमच असेल असे नाही, पण तक्रार करायला एक कार्यालय तरी असते.

बयाणा शक्यतो पाव हिस्सा असावा आणि उरलेली रक्कम घर पाहून, किल्ली हातात आल्यावर द्यावी. तारखा, एकूण रक्कम, अनामत, साफसफाई व विजेचे पैसे, आणि बेत रद्द झाल्यास किती परत, एवढ्या पाच गोष्टी लिहून घ्याव्यात. व्हॉट्सॲपवरचा मजकूरही पुरावाच आहे, तो पुसू नये. कोणी जीएसटी लावला तर जीएसटी क्रमांक आणि बिल मागावे. नोंदणी नसलेल्याला तो कर घेता येत नाही. ओळखपत्र द्यावे लागते, पण आधारची पूर्ण प्रत पाठवण्याऐवजी शेवटचे चारच अंक दिसणारी प्रत पाठवावी.

इतके करूनही फसवणूक झाली तर लाजेने गप्प बसू नये. 1930 या क्रमांकावर लगेच सायबर तक्रार नोंदवावी. जितका उशीर, तितके पैसे हातून जातात. घर सांगितल्याप्रमाणे नव्हते अशी तक्रार असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे.

परदेशातील रीत

हा प्रश्न आपल्याकडेच आहे असे नाही. भूमध्य समुद्रातील मायोर्का, माल्टा, ग्रीसची बेटे येथे युरोपातील लाखो लोक आठवड्यासाठी घरे घेतात. तेथेही फोटो एक आणि घर दुसरे, हा अनुभव जुनाच. म्हणून ग्रीसमध्ये जाहिरातीत घराचा नोंदणी क्रमांक छापणे सक्तीचे आहे. मायोर्कात 2016 पासून माणशी दर रात्रीचा वेगळा पर्यटन कर आहे, जो जाहिरातीतल्या किमतीत नेहमी धरलेला नसतो. पाल्मा शहरात घरे पर्यटकांना जाऊ लागली, स्थानिकांना किरायाने जागा मिळेनाशी झाली, तेव्हा 2018 मध्ये तेथे सदनिका पर्यटकांना देण्यास बंदी करावी लागली.

एक गंमत म्हणून सांगतो. माल्टाची भाषा अरबीतून आलेली. तेथे घराला "दार" म्हणतात आणि किरायाला "केरा". आपला "किराया"ही मूळ अरबीच. "बयाणा" शब्दात खरेदी-विक्रीचा "बैअ" आहे. म्हणजे व्यवहाराचे शब्द समुद्र ओलांडून गेले, तसा व्यवहारातील चोखपणाही दोन्हीकडे सारखाच लागतो.

घरमालक बंधूंसाठी

शेवटी व्यापाराच्या दृष्टीने दुसरी बाजू. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा, दापोली भागात आपल्या कितीतरी बांधवांची घरे वर्षाचे दहा महिने कुलूपबंद असतात. कुटुंब मुंबईत किंवा आखातात. अशा घराची डागडुजी करून, रीतसर नोंदणी करून ते पाहुण्यांना दिले तर घरही राहते आणि गावातील दोन-चार माणसांना कामही मिळते. परदेशी पाहुणा आला तर चोवीस तासांच्या आत त्याची माहिती कळवणे बंधनकारक आहे, हे विसरू नये. आणि जाहिरातीत घराची उणीव स्वतःहून लिहावी. समुद्र पंधरा मिनिटांवर असेल तर पंधराच लिहा. ज्या दुकानदाराने ताक्यातला डाग स्वतः दाखवला त्याच्याकडे गिऱ्हाईक परत येते, हा आपल्या बाजारपेठेचा जुना अनुभव आहे, आणि तो या धंद्यालाही लागू पडतो.

जाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे : माणसे मोजून हिशेब, पायी चालून अंतर, कॉलवर घर, नाव जुळवून बयाणा, आणि किल्ली घेतल्यावर बाकी. यातल्या पहिल्या चार पायऱ्या पार पडल्या, की मगच गाडीचे आरक्षण करावे.