नवा प्लेअर, जुन्या कॅसेटी

कोणतीही खरेदी करताना व्यापारी कुटुंब वस्तूची किंमत, उपयोग आणि टिकाऊपणा पारखून घेते. घरासाठी व्हिडिओ प्लेअर घेताना मात्र आणखी एक प्रश्न आधी विचारणे अगत्याचे आहे: त्यावर पाहायचे काय? चित्रपट आता मोबाइलवरही दिसतात. प्लेअरची खरी गरज उरते ती घरच्या चित्रणांसाठी.

१९८२ साली दिल्लीतील आशियाई क्रीडा स्पर्धांच्या सुमारास आपल्याकडे रंगीत दूरदर्शन आले आणि त्या दशकात व्हीसीआरही अनेक घरांत पोहोचला. साखरपुडा, विवाह, नव्या पेढीचा मुहूर्त, आजोबांची एकसष्टी यांच्या कॅसेटी कित्येक कपाटांत आजही पडून आहेत. ज्यांचा आवाज आता अन्यत्र कोठेही ऐकू येणार नाही, अशी माणसे त्या फितींत हसता-बोलताना दिसतात.

परंतु आज मिळणारा डीव्हीडी किंवा ब्ल्यू-रे प्लेअर या कॅसेटी चालवू शकत नाही. व्हीसीआर बनवणाऱ्या अखेरच्या कंपन्यांपैकी जपानच्या फुनाईने २०१६ च्या जुलैमध्ये उत्पादन थांबवले. चालू स्थितीतील यंत्रे आणि ती दुरुस्त करणारे कारागीर, दोन्ही दुर्मीळ होत आहेत. शिवाय फीत म्हणजे प्लास्टिकवर चढवलेला चुंबकीय थर. पावसाळी दमटपणाने तिला बुरशी लागते. म्हणून नव्या प्लेअरआधी जुन्या फितींची तजवीज करावी.

कॅसेटच्या खिडकीतून पांढरे डाग दिसले, तर ती घरच्या यंत्रात घालू नये. बुरशी यंत्राला लागून पुढची कॅसेटही बिघडते. अशी फीत जाणकाराकडून स्वच्छ करून घ्यावी. रूपांतराचे काम फीत चालेल तेवढाच वेळ घेते. तीन तासांच्या कॅसेटला तीन तास लागतात. काम देताना केवळ डीव्हीडीवर समाधान मानू नये. संगणकावर चालणारी फाइल मागावी आणि मूळ कॅसेट परत घ्यावी.

यानंतर प्लेअरची निवड सोपी होते. ब्ल्यू-रे प्लेअरवर सामान्यतः डीव्हीडीही चालते. डीव्हीडी प्लेअरवर ब्ल्यू-रे चालत नाही. साध्या एकपदरी डीव्हीडीत ४.७ गिगाबाइट, तर ब्ल्यू-रे चकतीत २५ गिगाबाइट मावतात. पेनड्राइव्ह लावण्याची सोय आहे का आणि आपल्या फाइली त्यावर चालतात का, हे दुकानातच तपासावे. परदेशस्थ नातेवाइकांनी आणलेल्या चित्रपटांच्या चकत्या येथे चालतीलच असे नाही. डीव्हीडीसाठी भारताचा विभाग ५, तर अमेरिकेचा १ आहे. घरी नोंदवलेल्या चकत्यांना हे बंधन नसते.

जोडणीसाठी एचडीएमआयची एकच केबल पुरते. चित्र आणि ध्वनी दोन्ही तिच्यातून जातात. पिवळी, लाल आणि पांढरी ही जुनी त्रयी असल्यास पिवळी चित्राची, पांढरी डाव्या व लाल उजव्या ध्वनीची. टीव्हीवर योग्य इनपुट निवडावा. जुने चित्रण ४:३ या प्रमाणाचे असते. ते रुंद पडद्यावर ताणले, तर माणसे विनाकारण जाड दिसतात. सेटिंगमध्ये मूळ प्रमाण ठेवावे. दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या हा दोष नव्हे.

शेवटचे काम यंत्राचे नाही. फाइलींच्या दोन प्रती दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, शक्यतो दोन वेगळ्या घरांत ठेवाव्यात. खतावणीत नावाविना नोंद जशी निरुपयोगी, तसेच नावाविना चेहऱ्यांचे होते. पहिल्या दिवशी घरातील वडीलधाऱ्यांना पडद्यासमोर बसवावे आणि कोण कोणाचे, कोणत्या गावचे, हे विचारून वहीत लिहून घ्यावे. प्लेअर पुढच्या वर्षीही विकत मिळेल. ही माहिती सांगणारी माणसे सदैव असणार नाहीत.