डाएट सुरू केलं की चिडचिड का होते? उत्तर उपाशी राहण्यात नाही, ताटात आहे

मुळा नदीकाठचं महाळुंगे 2021 मध्ये पुणे महापालिकेत आलं. हिंजवडीचं आयटी पार्क इथून जवळ आहे. गावाला लागूनच 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेलं शिवछत्रपती क्रीडासंकुल आहे. तिथे सराव करणारा खेळाडू अंगात जोर राहावा म्हणून खातो. आसपासच्या सोसायट्यांमधून ऑफिसला निघालेल्या अनेकांचं मात्र उलटं असतं. वजन उतरावं म्हणून त्यांनी सोमवारपासून खाणंच कमी केलेलं असतं.

पुढचा क्रम ओळखीचा आहे. सकाळी ब्लॅक कॉफी, दुपारी नुसतं सॅलड, चार वाजता डोकेदुखी, सहाला सहकाऱ्यावर चिडचिड आणि रात्री अकराला मागवलेली बिर्याणी. मग अपराधी वाटतं आणि पुन्हा पुढचा सोमवार उजाडतो. यात दोष इच्छाशक्तीचा असतो का? बहुतेकदा नाही.

पोट रिकामं, मग डोकं का तापतं?

मेंदूचं वजन शरीराच्या साधारण 2 टक्के असतं, पण शरीराच्या ऊर्जेपैकी जवळपास 20 टक्के ऊर्जा तो एकटा वापरतो. खाणं एकदम घटलं की त्याचा परिणाम मनावरही होतो.

याचा सर्वात गाजलेला पुरावा 1944-45 मधला आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांचा आहार सहा महिने जवळपास निम्म्यावर आणला. त्यांचं वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटलं. त्याचबरोबर ते चिडचिडे आणि उदास झाले, लोकांमध्ये मिसळेनासे झाले. दिवसभर डोक्यात फक्त जेवणाचे विचार असत. काही जण तर पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. मुळात हे सगळे धडधाकट होते. त्यांच्या मनावर हा परिणाम उपासमारीने झाला.

नीट खाल्लं तर मूड सुधारतो?

2017 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात नैराश्य असलेल्या 67 जणांचे दोन गट केले होते. एका गटाला 12 आठवडे भाज्या, फळं, कडधान्यं, अख्खी धान्यं, मासे आणि सुकामेवा असलेला आहार घ्यायला मदत केली. दुसऱ्या गटाला फक्त गप्पांची सोबत दिली. आहार गटातल्या सुमारे 32 टक्के लोकांची नैराश्याची लक्षणं जवळपास गेली, तर दुसऱ्या गटात हे प्रमाण 8 टक्के होतं. आहार गटाला वजन कमी करायला सांगितलंच नव्हतं.

प्रयोग लहान होता आणि बहुतेकांचे नेहमीचे उपचारही चालू होते. त्यामुळे आहार हा औषधाला पर्याय ठरत नाही, पण आधार नक्की ठरू शकतो.

दीक्षित की दिवेकर?

काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रातल्या घराघरांत हा वाद रंगला. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर आधारलेली, दिवसात दोनदाच आणि प्रत्येकी 55 मिनिटांत जेवण्याची डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची पद्धत एका बाजूला होती. थोड्या थोड्या वेळाने, घरचं आणि स्थानिक खाण्याचा ऋजुता दिवेकर यांचा सल्ला दुसऱ्या बाजूला होता. किती वेळा खायचं यावर व्हॉट्सॲप ग्रुप तापले, पण ताटात काय आणि किती असावं, हा प्रश्न मागे पडला.

ताटात नेमकं काय हवं?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये याचं उत्तर आकड्यांत दिलं. साधारण 2,000 कॅलरी लागणाऱ्या माणसाला दिवसभरात हे पुरेसं आहे (धान्य आणि डाळी कच्च्या वजनात):

- धान्य: 250 ग्रॅम (पोहे, भात, पोळी-भाकरी सगळं मिळून)
- भाज्या, पालेभाज्यांसह: 400 ग्रॅम
- डाळी-कडधान्यं: 85 ग्रॅम
- फळं: 100 ग्रॅम
- दूध-दही: 300 मिली
- शेंगदाणे, तीळ, सुकामेवा: 35 ग्रॅम
- तेल-तूप: 27 ग्रॅम

आपल्याकडे ऊर्जेचा 50 ते 70 टक्के वाटा धान्यातून येतो. तो 45 टक्क्यांच्या आसपास असावा, असं संस्था सांगते. म्हणजे मुळशीचा आंबेमोहर किंवा इंद्रायणी भात ताटातून हद्दपार करायची गरज नाही. भाताचा ढीग थोडा लहान करायचा आणि शेजारची वाटी मोठी करायची.

उद्यापासून काय बदलता येईल?

- नाश्ता टाळू नका. पोह्यांत मटार, शेंगदाणे घाला, सोबत मोड आलेली मटकी घ्या.
- डब्यात एक पोळी कमी आणि वाटीभर उसळ जास्त.
- ताटाच्या डावीकडची कोशिंबीर चमचाभर नको, वाटीभर घ्या.
- पाच वाजता बिस्किटांऐवजी फुटाणे किंवा पेरू.
- रात्री उशीर झाला तर भाज्या घातलेली मुगाची खिचडी आणि ताक.
- जेवणाच्या तासभर आधी आणि नंतर चहा-कॉफी नको, कारण त्यामुळे लोह कमी शोषलं जातं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-5 नुसार राज्यातल्या 15 ते 49 वयोगटातल्या निम्म्याहून अधिक महिलांना ॲनिमिया आहे. सतत थकवा जाणवत असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्या.

रविवारची मिसळ, होळीची पुरणपोळी मजेत खा. एका जेवणाने आठवड्याचा समतोल बिघडत नाही. आणि सोमवारी उपाशी राहून त्याची भरपाईही करावी लागत नाही.

सावध कधी राहायचं?

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, गर्भारपण असेल, तर जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच बदला. जेवल्यावर मुद्दाम उलटी काढणं, वजनकाट्याची सतत धास्ती वाटणं ही मदत घेण्याची लक्षणं आहेत. उदासी दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकली, तर फक्त ताट बदलून थांबू नका, डॉक्टरांना भेटा. केंद्र सरकारची टेली-मानस हेल्पलाइन 14416 मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.