रोजच्या वादनासाठी गिटार निवडताना

मोठ्या उत्साहाने घेतलेली गिटार पुष्कळदा काही महिन्यांतच कपाटावर जाते. दोष विद्यार्थ्याच्या चिकाटीला दिला जातो. परंतु तो वाद्याचाही असू शकतो. तारा फार उंच असल्या, की बोटे दुखतात आणि सराव थांबतो. म्हणून चकाकीला न भुलता पुढील गोष्टी पारखून घ्याव्यात.

बाराव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांमधील अंतर साधारणतः २ ते ३ मिलिमीटर असावे. तेथे दाबलेल्या तारेचा स्वर मोकळ्या तारेच्या बरोबर एक सप्तक वर लागावा. अन्यथा वरच्या फ्रेटांवर वाद्य बेसूरच वाजेल.

मार्टिन कंपनीने १९१६ मध्ये घडवलेला ‘ड्रेडनॉट’ हा मोठा आकार समूहगायनाच्या साथीला उत्तम. साथ व बोटांनी छेडणे, दोन्ही साधायचे असल्यास मध्यम आकार सोयीचा.

वरची फळी अखंड स्प्रूसची असल्यास नाद भरदार येतो. मात्र आपल्या किनारपट्टीवरील पावसाळ्यात ती दमटपणाने फुगते व तारा वर उचलल्या जातात. अशी गिटार बंद पेटीतच ठेवावी. तेवढी निगा शक्य नसेल, तर प्लायवूडची फळी अधिक टिकाऊ.

खरेदीस जाताना अनुभवी वादकाला सोबत न्यावे आणि निवडलेले वाद्य स्वतः हाती घेऊन पाहावे. जे रोज वाजवावेसे वाटेल, तेच आपल्यासाठी योग्य.