अंकांची किल्ली

पूर्वी सधन माणसाच्या घरी लोखंडी तिजोरी असे. घरधनी तिची किल्ली दिवसा कनवटीला लावी आणि रात्री उशाखाली ठेवून निजे. तिजोरी फोडणे अवघड. म्हणून चोराचे लक्ष तिजोरीपेक्षा किल्लीवर अधिक असे. आता लोकांचा पैसा बँकेच्या खात्यात असतो. तथापि चोराची रीत बदललेली नाही. तो आजही किल्लीच शोधतो.

आजची किल्ली अंकांची आहे. पैसे देणारे एटीएम यंत्र भारतात प्रथम १९८७ साली मुंबईत बसविण्यात आले. २०१६ साली यूपीआय ही भ्रमणध्वनीवरून पैसे पाठविण्याची पद्धती सुरू झाली. बँकेतील कारकून ग्राहकाला पाहून ओळखी. यंत्र त्याला 'पिन' या गुप्त अंकावरून ओळखते. जो बरोबर अंक देईल तोच खात्याचा धनी, असे ते समजते. काही व्यवहारांत बँक ग्राहकाच्या भ्रमणध्वनीवर आणखी एक अंक पाठविते. त्यास 'ओटीपी' म्हणतात. तो एकदाच उपयोगी पडतो व थोड्याच वेळात निरुपयोगी होतो.

विद्यार्थी शिष्यवृत्तीची वाट पाहत असतात, हे भामट्यांना ठाऊक असते. समजा, खेड्यातून शहरात शिकण्यास आलेल्या एका विद्यार्थ्याला दूरध्वनी येतो. "बँकेतून बोलतो आहे. तुमची शिष्यवृत्ती मंजूर झाली. आता आलेला अंक लवकर सांगा, नाहीतर रक्कम परत जाईल." विद्यार्थी हर्षभराने अंक सांगतो, आणि वडिलांनी धान्य विकून पाठविलेले शुल्काचे पैसे क्षणात नाहीसे होतात.

येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली ही, की दानपेटीत पैसे टाकण्यास तिची किल्ली लागत नाही. ती पैसे काढण्यासच लागते. त्याचप्रमाणे खात्यात पैसे येण्यासाठी पिन वा ओटीपी कोणालाही सांगावा लागत नाही. बँकेचा खरा नोकर तो कधीही विचारीत नाही. दुसरी गोष्ट भामट्याच्या घाईची. ओटीपीचे आयुष्य काही मिनिटांचे असते. शिवाय ऐकणारा विचार करू लागला, तर डाव फसतो. म्हणूनच तो कधी लोभ दाखवितो, तर कधी भीती घालतो. अशा वेळी दूरध्वनी खाली ठेवावा आणि बँकेत स्वतः चौकशी करावी.

आणखी एक जाळे याहून घातक आहे. "तुझे खाते चार दिवस वापरू दे, मोबदला मिळेल," असे कोणी विद्यार्थ्याला सांगतो. त्या खात्यातून चोरीचा पैसा पुढे जातो, आणि शोध घेणारे पोलीस प्रथम त्या विद्यार्थ्याच्याच दाराशी येतात. खाते हे कोणालाही उसने देण्याची वस्तू नव्हे.

एवढे करूनही कोणी फसलाच, तर त्याने गप्प राहू नये. चोरलेला पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात झपाट्याने फिरतो. तो बाहेर काढला जाण्यापूर्वी वार्ता पोहोचली, तर बँकेला तो वाटेतच अडविता येतो. याकरिता आपल्या बँकेला त्वरित कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार करावी. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली असा नियम केला, की ग्राहकाने स्वतःच अंक सांगितला असेल, तर तक्रार करीपर्यंतची हानी त्याने सोसावी. तक्रारीनंतरची बँकेने सोसावी. विलंब किती महाग पडतो, हे यावरून कळेल.

वर सांगितलेला विद्यार्थी वडील रागावतील या भीतीने दोन दिवस मुका राहिला, तर त्याची गत बैल गेला नि झोपा केला अशीच व्हायची. फसविणे हे लाजिरवाणे आहे; फसल्याचे घरी सांगण्यात लाज नाही.

दहा वर्षांवरील मुलांना स्वतःचे खाते स्वतः चालविण्याची मुभा देण्याचे स्वातंत्र्य रिझर्व्ह बँकेने २०२५ साली पुन्हा बँकांना दिले. तेव्हा अंकांची ही किल्ली आता मुलांच्याही हाती येत आहे. ती जपण्यास बळ लागत नाही. क्षणभर थांबण्याची सवय आणि चूक झाल्यास ती तत्काळ सांगण्याचे धैर्य, एवढेच पुरे.