विमानमार्गाचे अंतर व प्रवासकाल
विमानमार्गाचे अंतर व प्रवासकाल : दोन विमानतळांमधील भूपृष्ठावरून मोजलेले लघुतम अंतर आणि ते तोडण्यास विमानास लागणारा वेळ. पहिली राशी भूमितीने ठरते व ती बदलत नाही. दुसरी मात्र वारे, इंधन आणि राष्ट्राराष्ट्रांतील संबंध यांवर अवलंबून असते. म्हणून केवळ अंतरास वेगाने भागून दूर पल्ल्याचा प्रवासकाल काढल्यास तो बहुधा चुकतो.

पृथ्वी गोलाकार असल्याने दोन ठिकाणांमधील लघुतम मार्ग बृहद्‌वृत्ताच्या, म्हणजे ज्याचा मध्य पृथ्वीच्या मध्याशी जुळतो अशा वृत्ताच्या, कंसावरून जातो. या वृत्तावरील १° कंसाची लांबी सु. १११ किमी. भरते. दिल्ली व सॅन फ्रॅन्सिस्को यांच्या बाबतीत हा कंस सु. १११° असून अंतर सु. १२,४०० किमी. येते. नेहमीच्या मर्केटर नकाशावर दोहोंना जोडणारी सरळ रेषा पूर्वेकडे पॅसिफिक महासागरावरून जाते व तीच जवळची भासते. प्रत्यक्षात ती सु. १५,००० किमी. भरते. लघुतम मार्ग सायबीरियावरून आर्क्टिक महासागरात ७५° उत्तर अक्षवृत्तापलीकडे चढून अमेरिकेकडे उतरतो.

तरीही लघुतम मार्ग शीघ्रतम असतोच असे नाही. मध्य अक्षवृत्तांवर सु. ९ ते १२ किमी. उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे अतिवेगवान जेट प्रवाह वाहतात. विमानाचा हवेसापेक्ष वेग ताशी सु. ९०० किमी. असला, तरी जमिनीसापेक्ष वेगात वाऱ्याचा वेग मिळवावा किंवा वजा करावा लागतो. एअर इंडियाची दिल्ली–सॅन फ्रॅन्सिस्को विमाने आधी अटलांटिकवरून सु. १३,९०० किमी.चा मार्ग घेत. ऑक्टोबर २०१६ मध्ये पॅसिफिकवरून पूर्वेकडे नेलेल्या विमानाने सु. १५,३०० किमी. अंतर सु. १४.५ तासांत कापले. मार्ग १,४०० किमी.नी लांबला, पण वारा पाठीशी असल्याने सु. दोन तास वाचले. या उड्डाणाचा सरासरी वेग ताशी १,०५० किमी.हून अधिक पडतो. उलट दिशेने अटलांटिकवरून तो सु. ८४० किमी. होता. परतीच्या प्रवासात अर्थात हाच वारा विरोधी ठरतो.

घड्याळाची गणना याहून वेगळी. उन्हाळी वेळ चालू असताना दिल्लीहून पहाटे ४ वाजता निघालेले विमान १४.५ तासांनी सॅन फ्रॅन्सिस्कोत उतरते, तेव्हा तेथे त्याच दिवसाचे सकाळचे ६ वाजलेले असतात. वेळापत्रकातील दोन आकड्यांची वजाबाकी करणारा प्रवासी येथे फसतो. शिवाय वेळापत्रकातील कालात धावपट्टीपर्यंत जाणे-येणे समाविष्ट असते, हवेतील उड्डाणकाल त्याहून कमी असतो.

हवाई हद्दीवरील निर्बंधांचा परिणाम वाऱ्याहूनही मोठा असू शकतो. हेलसिंकी–टोकिओ अंतर सु. ७,८०० किमी. असून रशियावरून हा प्रवास ९ ते १० तासांत होई. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर रशियाची हद्द यूरोपीय संघाच्या विमानांना बंद झाली. फिनलंडची विमाने तेव्हापासून उत्तर ध्रुवाकडून किंवा दक्षिणेकडून वळसा घेऊ लागली व प्रवासकाल सु. १३ तासांवर गेला. असा वळसा इंधनाच्या दृष्टीने दोन प्रकारे महाग पडतो. कारण अधिक वेळ उडण्यास अधिक इंधन लागते आणि ते वाहून नेण्यासाठीही इंधन खर्ची पडते. पल्ल्याच्या अगदी टोकाच्या मार्गांवर त्यामुळे प्रवासी वा माल कमी घ्यावा लागतो, नाहीतर इंधनासाठी वाटेत थांबावे लागते.