घर जळतं तेव्हा कागदही जळतात : शिरूर-दौंडच्या वस्त्यांसाठी काही गोष्टी

६ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे चेंबूरच्या सिद्धार्थ कॉलनीत एका घराला आग लागली. तळमजल्यावर दुकान, वर कुटुंबाची राहण्याची जागा. एकाच कुटुंबातले सात जण गेले, त्यांत लहान मुलंही होती. त्याआधी २८ नोव्हेंबर २०१८ ला पुण्यातली पाटील इस्टेट झोपडपट्टी पेटली होती. सिलिंडर फुटत गेले आणि अनेक कुटुंबं एका दुपारीत उघड्यावर आली.

या घटना शहरातल्या असल्या तरी शिरूर-दौंडमध्ये चित्र फार वेगळं नाही. रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीत काम करणारी आपली मुलं एका खोलीत चौघं-पाचजण राहतात. त्याच खोलीत गॅस, त्याच खोलीत अंथरूण, आणि एकाच बोर्डावर सगळ्यांचे चार्जर. ऊसतोडीच्या हंगामात मराठवाड्यातून आलेली कुटुंबं पाचटाच्या कोप्यांत उतरतात आणि चूल कोपीच्या दाराशीच पेटते. वाडी-वस्तीवर बंब पोहोचेपर्यंत घर उरत नाही. म्हणून आग लागूच नये, हीच आपली खरी अग्निशमन व्यवस्था आहे.

गॅस

घरगुती गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली की तो वर न जाता जमिनीलगत साचतो, कॉटखाली आणि मोरीत शिरतो. अशा वेळी विजेचं बटण चालूही करू नये आणि बंदही करू नये, कारण दोन्हींत ठिणगी पडते. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि लांब जाऊन १९०६ वर फोन करा. गॅस गळतीसाठीचा हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

सिलिंडर नेहमी उभाच ठेवावा आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर असावी. नळीवर मुदत छापलेली असते. ती संपली असेल, किंवा नळीला चिरा दिसत असतील, तर त्याच दिवशी बदला. गळतीचा संशय आला तर साबणाचा फेस लावून बघा, काडी ओढून कधीही नाही. भाड्याच्या खोलीतली मुलं मोठ्या सिलिंडरमधून छोट्यात गॅस भरून घेतात, तो प्रकार बेकायदा आहे आणि जिवावर बेतणारा आहे. पाच किलोचा सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय, फक्त ओळखपत्रावर अधिकृतपणे मिळतो.

वीज

पाणी तापवायची १५०० वॅटची रॉड साधारण साडेसहा अँपिअर वीज ओढते. घरातलं छोटं सॉकेट सहा अँपिअरचं असतं. त्यात रॉड लावून वर एक्स्टेंशनवर टीव्ही आणि मोबाईल जोडले की वायर आतून तापते, आणि रात्री सगळे झोपल्यावर पेट घेते. रॉड, इस्त्री, शेगडी यांना सोळा अँपिअरचं सॉकेट आणि त्याला साजेशी जाड वायर हवी. फ्यूज उडाला म्हणून त्यात जाड तार घालू नका. फ्यूज उडतो तेव्हा तो घर वाचवत असतो. आकडा टाकून घेतलेल्या विजेला ना फ्यूज असतो ना अर्थिंग. वस्तीत अजून मीटर नसतील तर मीटरची मागणी हाही आपल्या चळवळीचाच प्रश्न आहे.

वंदनेची जागा

आपल्या घराघरांत तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर मेणबत्ती आणि अगरबत्ती लागते. मागे कापडी पडदा, बाजूला प्लास्टिकची फुलं, जयंतीला थर्माकोलची सजावट. मेणबत्ती पाणी घातलेल्या स्टीलच्या ताटलीत ठेवा, कापडापासून हातभर लांब. वंदना संपवून घराबाहेर पडताना ती विझवा. विहारातही हाच नियम, विशेषतः वर्षावासात, जेव्हा रोज संध्याकाळी गर्दी असते. बुद्धांच्या उपदेशात अप्रमादाला, म्हणजे जागरूकपणाला, मोठं स्थान आहे. तो अप्रमाद घरात असाच दिसतो.

आग लागलीच तर

कढईतलं तेल पेटलं तर पाणी टाकू नका, तेलाचा भडका उडतो. गॅस बंद करून झाकण ठेवा. अंगावरचे कपडे पेटले तर पळू नका. जमिनीवर आडवं होऊन लोळा, किंवा घोंगडी गुंडाळा. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी सोडा. टूथपेस्ट, हळद, शाई काहीही लावू नका. वायर जळत असेल तर आधी मेन स्विच बंद करा. बंबासाठी १०१ किंवा ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. वस्तू काढायला जळत्या घरात परत शिरू नका.

कागदपत्रांचं काय?

आपल्या समाजासाठी हा मुद्दा वेगळा आहे. १९९० साली बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातीच्या सवलती लागू झाल्या. पण जात पडताळणीत १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. आजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकाची नक्कल असे कागद बहुतेक घरांत पत्र्याच्या पेटीत एकाच प्रतीत असतात. ते जळले की नातीची शिष्यवृत्ती आणि नातवाचा प्रवेश अडतो. म्हणून प्रत्येक कागदाचे स्पष्ट फोटो घ्या, डिजिलॉकरमध्ये टाका आणि एक प्रत दुसऱ्या गावच्या नातेवाइकांकडे ठेवा. फोटो मूळ कागदाची जागा घेत नाही. पण त्यावरचा रजिस्टर क्रमांक आणि साल हाती असेल तर नवी नक्कल काढणं सोपं जातं.

नुकसान झालंच तर तलाठी आणि पोलिसांकडून पंचनामा करून घ्या. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या यादीत आग ही आपत्ती धरली जाते, त्यामुळे तहसील कार्यालयात मदतीचा अर्ज करता येतो. अधिकृत गॅस जोडणीवर अपघात झाला तर तेल कंपन्यांचा विमा असतो. त्यासाठी वितरकाला तातडीने लेखी कळवा आणि पोच घ्या. पाहणी होईपर्यंत सिलिंडर, नळी, रेग्युलेटर फेकू नका.

मंडळांनी काय करावं

आमची सूचना साधी आहे. येत्या एका रविवारी वंदनेनंतर दोन-दोन कार्यकर्त्यांनी घरं वाटून घ्यावीत. नळीची मुदत, बोर्डाची अवस्था आणि मेणबत्तीची जागा एवढंच पाहावं. वस्तीत वायरमन असलेला भाऊ असतोच, त्याला सोबत घ्यावं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरांची यादी करावी. विहाराच्या दाराशी वाळूच्या दोन बादल्या ठेवाव्यात आणि भिंतीवर वरचे क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहावेत. १ जानेवारीला अभिवादनासाठी लाखो लोक येतात तेव्हा भोजनदानाच्या मंडपात सिलिंडर आणि भट्टी कुठे असेल, हे मंडप घालण्याआधी ठरवावं. ऊसतोड कामगारांच्या कोप्यांकडेही जावं. ते मतदार दुसऱ्या तालुक्याचे असतील, पण आज शेजारी आपले आहेत.

या सगळ्याला खर्च फारसा येत नाही. एक रविवार द्यावा लागतो.

जय भीम! नमो बुद्धाय!