नवा फोन आला, की कोण कधी बोलतं?

नवरात्र जवळ आलं, की माझ्या भाच्याचा फोन ठरलेला. "मामा, अमुक फोन आलाय. अर्धे लोक म्हणतायत डोळे झाकून घ्या, अर्धे म्हणतायत पैसे पाण्यात. घेऊ का?" मी विचारतो, हे लोक कोण, आणि फोन बाजारात येऊन दिवस किती झाले? त्याला वाटतं, मामा टाळतोय.

टाळत नसतो. नव्या फोनवर बोलणाऱ्यांची एक रांग असते. आधी बोलतात फोन पाहिलाही नसलेले. मग आठवडाभर वापरायला मिळालेले, मग पहिल्याच दिवशी विकत घेतलेले, आणि सगळ्यांत शेवटी तो रोज खिशात घेऊन फिरणारे. आवाज मात्र पहिल्या तिघांचाच मोठा. ही रांग आपण ओळीनं पाहू आणि सोबत दोन जुने फोन ठेवू: ॲपलचा २०१० सालचा आयफोन ४ आणि सॅमसंगचा २०१६ चा गॅलक्सी नोट ७. जुनेच का? कारण त्यांच्याबद्दल कोण काय बोललं आणि पुढे काय निघालं, हे दोन्ही आता ठाऊक आहे.

सुरुवात होते कुणकुणीपासून. फोन जाहीर होण्याआधीच त्याचे फोटो बाहेर पडतात, त्याला बाजारात 'लीक' म्हणतात. आयफोन ४ च्या बाबतीत हे फारच नाट्यमय झालं. कॅलिफोर्नियातल्या रेडवुड सिटीत ॲपलचा एक कर्मचारी चाचणीचा फोन एका बारमध्ये विसरला. तो 'गिझमोडो' या संकेतस्थळाच्या हाती लागला आणि एप्रिल २०१० मध्ये त्यांनी तो उघडून जगाला दाखवला. फोन जाहीर व्हायला अजून सात आठवडे होते, पण लोकांची मतं तयार होती.

या दिवसांत कळू शकतं ते एवढंच, की फोन दिसतो कसा आणि आहे केवढा. बॅटरी किती टिकेल, कॅमेरा कसा असेल, हे कोणी ठामपणे सांगत असेल तर तो अंदाज समजावा.

इथे हमखास घोटाळा होतो तो किमतीचा. अमेरिकेतली किंमत ऐकायची, डॉलरचे रुपये करायचे आणि इथली किंमत जाहीर झाली की 'लूट' म्हणून ओरडायचं. अमेरिकेत सांगतात त्या किमतीत तिथल्या राज्याचा विक्रीकर धरलेला नसतो. आपल्याकडच्या किमतीत जीएसटी धरलेला असतो, आणि मोबाईलवर तो एप्रिल २०२० पासून १८ टक्के आहे. फोन बाहेरून तयार होऊन आला असेल, तर आयातशुल्क आणखी वेगळं. एवढं सगळं धरूनही किंमत जास्त वाटली, तर मग खुशाल ओरडावं.

त्यानंतर येतो जाहीर करण्याचा सोहळा. ७ जून २०१० ला सॅन फ्रान्सिस्कोत स्टीव्ह जॉब्स यांनी आयफोन ४ दाखवला. फोनच्या कडेनं फिरणारी पोलादी पट्टी हीच त्याची अँटेना, म्हणजे टॉवरशी संपर्क ठेवणारा भाग, हे त्यांनी मोठ्या कौतुकानं सांगितलं. टाळ्या पडल्या. गंमत अशी, की त्याच व्यासपीठावर वायफाय अडलं आणि जॉब्सना प्रेक्षकांना आपापली वायफाय यंत्रं बंद करायची विनंती करावी लागली. सोहळ्याबद्दल याहून जास्त बोलण्यासारखं काही नसतं. तिथे फोन कंपनीच्याच हातात असतो.

मग परीक्षणं. एकाच दिवशी, एकाच ठोक्याला डझनभर परीक्षणं कशी येतात, असा प्रश्न आपल्याला पडला असेल. कंपन्या निवडक पत्रकारांना आणि यूट्यूबवरच्या मंडळींना फोन आधी देतात आणि अमुक वेळेपर्यंत तोंड उघडायचं नाही, अशी अट घालतात. ही अट म्हणजे 'एम्बार्गो'. वेळ उलटली, की सगळे एकदम बोलतात.

हे लोक खोटं बोलतात असं मुळीच नाही. पण त्यांच्या हातात असतो एक फोन, आणि तो बहुधा आठवडाभरच. नोट ७ न्यूयॉर्कमध्ये २ ऑगस्ट २०१६ ला जाहीर झाला, तेव्हा बहुतेक परीक्षकांनी तो वाखाणला. वळणदार पडदा, पाण्यात चालणारी लेखणी, डोळ्याची बुबुळं ओळखून उघडणारं कुलूप, सगळं खरंच छान होतं. पुढे जो दोष निघाला त्याचं प्रमाण सॅमसंगनं सुरुवातीला दहा लाखांत २४ असं सांगितलं, म्हणजे साधारण ४२ हजार फोनांत एक. तो एका परीक्षकाच्या टेबलावर कसा दिसणार?

आणखी एक पाहावं. पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन शिफारस केली असेल, तर ती जाहिरात असल्याचं स्पष्ट लिहावं, अशी मार्गदर्शक तत्त्वं भारतीय जाहिरात मानक परिषदेनं २०२१ मध्ये घालून दिली आहेत. व्हिडिओच्या कोपऱ्यात तसा शब्द दिसला, तर तो व्हिडिओ रंग पाहण्यापुरता पाहावा.

आता विक्रीचा पहिला दिवस. आयफोन ४ ची आगाऊ नोंदणी १५ जूनला उघडली आणि एका दिवसात ६ लाख नोंदण्या झाल्या, यंत्रणा कोलमडली. २४ जूनला विक्री सुरू झाली, पहिल्या तीन दिवसांत १७ लाख फोन खपले. आपल्याकडे रांगेचं रूप निराळं निघालं. जुलै २०१४ मध्ये शाओमीनं एमआय ३ हा फोन १३,९९९ रुपयांना फक्त फ्लिपकार्टवर आणला. आधी नाव नोंदवायचं, ठरलेल्या वेळी बटण दाबायचं, आणि नशीब असेल तर फोन मिळायचा. याला 'फ्लॅश सेल' म्हणतात, म्हणजे मोजका साठा घटकाभरासाठी उघडायचा. पुढच्या फेऱ्यांत तो साठा काही सेकंदांत संपू लागला.

'सेकंदात संपला' हे वाचून दबून जाऊ नये. साठा किती होता, हे आधी विचारावं. दहा हजार फोन ठेवले आणि लाखभर लोक बटण दाबत बसले, तर तो सेकंदात संपणारच. त्यावरून फोन किती हवासा आहे ते कळतं, चांगला आहे की नाही ते कळत नाही.

आणि असा मिळालेला फोन माणूस कोणत्या मनानं उघडतो ते पाहा. लग्नाला सकाळपासून ताटकळलेल्या माणसाला पहिल्या पंगतीत जागा मिळाली, तर तो मठ्ठ्याला नावं ठेवत नाही. खोक्याची पट्टी फाडताना केलेल्या व्हिडिओत आणि त्याच संध्याकाळी दिलेल्या पाच ताऱ्यांत हा आनंद बराच मिसळलेला असतो.

या ताऱ्यांपाशी जरा थांबू, कारण बहुतेक जण इथेच फसतात. खरेदीच्या ॲपवर फोनला ४.३ तारे दिसतात. ही सरासरी, आणि तिच्यात भलभलती माणसं एकत्र बसलेली असतात. एक जण तासाभरात पाच तारे देतो, दुसरा कुरिअरवाला उशिरा आला म्हणून एकच देतो, तिसऱ्याला खोका चेपलेला मिळालेला असतो. कधी कमी आणि जास्त मेमरीचे, वेगवेगळ्या रंगांचे फोन एकाच पानावर असतात आणि सगळ्यांचे तारे एकत्र मोजले जातात.

म्हणून सरासरी सोडून द्यावी. 'नवीन आधी' अशी मांडणी निवडावी आणि दोन-तीन तारे देणाऱ्यांचं म्हणणं वाचावं. पाचवाला खूश असतो, एकवाला चिडलेला असतो. मधला माणूस काय आवडलं आणि काय नाही, हे दोन्ही सांगतो. ज्याची खरेदी ॲपनं पडताळलेली आहे, त्याच्या नावाखाली तशी खूण असते, ती पाहावी. खोट्या अभिप्रायांना आळा बसावा म्हणून भारतीय मानक ब्युरोनं २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानकही काढलं, पण काढताना ते ऐच्छिक ठेवलं. तेव्हा गाळणी आपल्याच हातात.

पहिल्या आठवड्यात तक्रारी सुरू होतात. आयफोन ४ च्या तर विक्रीच्या दिवशीच सुरू झाल्या. ती पोलादी पट्टी अखंड नव्हती, मध्ये बारीक फटी होत्या. खालच्या डाव्या फटीवर तळहात टेकला, की दोन तुकडे हाताच्या त्वचेनं जोडले जायचे आणि अँटेनाचा सूर बिघडायचा. पडद्यावरच्या सिग्नलच्या कांड्या भराभर खाली यायच्या. एका ग्राहकानं जॉब्सना ईमेल केला, तर फोन तसा धरू नका अशा अर्थाचं उत्तर आलं. या उत्तरानं जेवढी आग पेटली तेवढी अँटेनानंही पेटली नसती.

२ जुलैला कंपनीनं पत्र काढून सांगितलं, की कांड्या मोजण्याचं सूत्रच चुकलं होतं; मुळात सिग्नल कमी असताना फोन जास्त कांड्या दाखवत होता. १२ जुलैला 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या मासिकानं आपला निकाल दिला. हे अमेरिकी मासिक जाहिराती घेत नाही आणि तपासायच्या वस्तू स्वतः विकत आणतं. त्यांनी फोनला भरघोस गुण दिले, आणि तरीही त्याची शिफारस करता येत नाही असं लिहिलं. फटीवर जाड चिकटपट्टी लावा, हा त्यांचा उपाय!

१६ जुलैला जॉब्स पत्रकारांसमोर आले आणि आकडे मांडले. तीन आठवड्यांत ३० लाख फोन विकले गेले होते. अँटेनाबद्दल कंपनीला फोन करून तक्रार केलेले ग्राहक ०.५५ टक्के, म्हणजे हजारात साडेपाच. अमेरिकेत एटी अँड टी कंपनीकडे परत आलेले फोन १.७ टक्के, आधीच्या मॉडेलचं हेच प्रमाण ६ टक्के होतं. कॉल तुटण्याचं प्रमाण आधीच्या फोनपेक्षा किंचित जास्त आहे, हेही त्यांनी कबूल केलं, आणि सगळ्यांना फुकट कव्हर देऊ केलं. कव्हर घातलं, की हात फटीला लागत नव्हता.

हे आकडे कंपनीचे होते, आणि दोष सोसणारा प्रत्येक जण काही फोन फिरवून तक्रार करत नाही. तरी फोन परत करणं ही बोलण्याहून भारी प्रतिक्रिया आहे. माझ्या मते त्या महिन्यात दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. अँटेनात दोष होता, आणि घेतलेल्या बहुतेकांना फोन ठेवायचा होता.

यावरून कोणी म्हणेल, की सुरुवातीचा ओरडा मनावर घेऊ नये. नोट ७ पाहा मग. १९ ऑगस्टला विक्री सुरू झाली. २ सप्टेंबरला सॅमसंगनं सांगितलं, की फोन पेटल्याच्या ३५ घटना जगभरातून कळल्या आहेत. सुमारे २५ लाख फोनांत ३५! आयफोनच्या तुलनेत ही तक्रार म्हणजे कुजबूज. पण कंपनीनं विक्री थांबवली, फोन बदलून द्यायला सुरुवात केली. भारतातली विक्री त्याच सुमारास सुरू व्हायची होती, ती लांबली आणि कधीच झाली नाही. विमानात हा फोन चालू करू नका, अशी सूचना आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं दिली ती त्याच महिन्यातली.

५ ऑक्टोबरला अमेरिकेत लुईव्हिल इथे उड्डाणाआधी विमानातच बदलून मिळालेल्या एका नोट ७ मधून धूर निघाला आणि प्रवाशांना उतरवावं लागलं. ११ ऑक्टोबरला उत्पादन कायमचं बंद झालं. जानेवारी २०१७ मध्ये कारण जाहीर झालं. पहिल्या बॅटऱ्यांत वरच्या कोपऱ्यातला विजेचा थर दुमडला जात होता. बदलून दिलेल्या दुसऱ्या पुरवठादाराच्या बॅटऱ्यांत जोडकामाचे टोकदार कण राहिले होते. दोन वेगळे दोष, परिणाम एकच.

तेव्हा तक्रारी मोजण्याआधी निवडाव्यात. भाजणं, धूर, बॅटरी फुगणं अशी एक जरी तक्रार खात्रीच्या ठिकाणी वाचली, तर थांबावं. बाकीच्या गैरसोयी म्हणायच्या, आणि त्यांची पारख आपल्याला दुकानातही करता येते. मांडून ठेवलेला फोन हातात घ्यावा, आपण रोज धरतो तसा धरावा, आणि ओळखीच्या कोणाकडे तोच फोन असेल, तर त्यात आपलं कार्ड घालून एक कॉल करून पाहावा.

पहिल्या दोन-तीन दिवसांतली 'बॅटरी झटकन उतरते, फोन तापतो' ही तक्रार जरा राखून घ्यावी. नवा फोन सुरू केला, की जुन्या फोनमधली माहिती उतरवणं, हजारो फोटोंची वर्गवारी लावणं, ॲप नवी करणं अशी कामं आत चालू असतात. घर बदलल्यावर पहिले चार दिवस सामान लावण्यात जातात, तसंच हे. आठवड्यानंतरही तोच माणूस तीच तक्रार करत असेल, तर ती धरावी.

कंपनीचं उत्तर आलं, की एकच प्रश्न विचारावा: दोष आज्ञावलीचा की अवयवाचा? आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, घरबसल्या अपडेटनं बदलता येते. कांड्यांचं सूत्र तसंच सुधारलं. पण पट्टीतली फट अपडेटनं बुजत नाही. तसल्या दोषावर 'पुढच्या अपडेटमध्ये बघू' असं उत्तर मिळत असेल, तर फोन बदलून मिळण्याची मुदत संपण्याआधी हालचाल करावी. दुकानदारानं दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

शेवटचे बोलतात ते रोज वापरणारे, आणि त्यांना ऐकायला फारसं कोणी थांबलेलं नसतं. आयफोन ४ भारतात अधिकृतपणे आला तो २७ मे २०११ ला, एअरटेल आणि एअरसेलमार्फत, १६ जीबीचा ३४,५०० रुपयांना. अकरा महिने उशीर झाला म्हणून तेव्हा कुरकुर झाली. पण इथल्या ग्राहकाला अँटेनाची सगळी कथा, कव्हरचा उपाय आणि वर्षभराचा परदेशी अनुभव आयता मिळाला होता. अमेरिकेतल्या पहिल्या रांगेतल्यांचा अँटेनाबद्दलचा कोर्टातला दावा मिटायला २०१२ उजाडलं; त्यांना १५ डॉलर किंवा कव्हर यांतलं एक मिळालं.

हे सगळं ऐकून भाच्यानं गेल्या वर्षी दीड महिना वाट पाहिली. दोन-तीन ताऱ्यांचे अभिप्राय वहीत उतरवले, दुकानात जाऊन फोन हाताळला आणि पाडव्याला मागवला. संध्याकाळी मला कौतुकानं आपला अभिप्राय दाखवला. पाच तारे, खाली तीन शब्द: 'डिलिव्हरी एकदम फास्ट.'